कलाशिक्षकांनी प्रस्ताव लिहायलाच हवा

कलाशिक्षकांच्या परिषदेची घोषणा झाली की एक वाद हमखास सुरू होतो. परिषदेत बोलायचं असेल तर आधी दोन-तीनशे शब्दांचा प्रस्ताव पाठवा, समिती तो वाचेल आणि पसंत पडला तर तुम्हाला वीस मिनिटं किंवा एखादी कार्यशाळा मिळेल, ही पद्धत आता आपल्याकडेही रुळते आहे. शाळेत शिकवणाऱ्या अनेकांना ती अपमानाची वाटते. उभी हयात मुलांच्या हातात ब्रश देण्यात घालवलेल्या माणसाने पुन्हा परीक्षेला का बसावं? त्याचं काम बघा आणि त्याला मानाने बोलवा, असं ते म्हणतात. महाविद्यालयांतल्या आणि विद्यापीठांतल्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं: प्रस्ताव मागवले नाहीत तर व्यासपीठावर कुणीही चढेल आणि दर्जा घसरेल. एकीकडे मान, दुसरीकडे दर्जा. या दोन शब्दांभोवती वाद फिरत राहतो आणि मूळ प्रश्न तसाच पडून राहतो. चित्रकलेच्या तासाला वर्गात काय घडतं, हे सांगण्याचा अधिकार कुणाचा?

माझं मत आधीच सांगून टाकते. प्रस्तावाची पद्धत टिकली पाहिजे, आणि तिचा सर्वांत जास्त उपयोग शाळेतल्या कलाशिक्षकाने करून घेतला पाहिजे, तोही मराठीतून. दर्जाचा मुद्दा मला इथे दुय्यम वाटतो. कुणाशीही ओळख नसलेला तालुक्याच्या शाळेतला शिक्षक केवळ आपल्या कामाच्या बळावर व्यासपीठापर्यंत पोहोचू शकेल, असा हा एकच रस्ता आहे. तो बंद केला की उरते आमंत्रितांची यादी. ती यादी कशी बनते, कुणाच्या सांगण्यावरून त्यात नावं घातली जातात आणि कुणाच्या रागावरून वगळली जातात, हे या क्षेत्रात वावरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि परिषदेसाठी आलेले प्रस्ताव वाचण्याचं कामही केलं आहे. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं हे मत अधिकच पक्कं झालं.

विरोधातले मुद्दे मात्र हलके नाहीत. पहिला मुद्दा असा की चित्रकार हाताने विचार करतो. फळ्यावर खडूने चार रेघा ओढून तो जे समजावतो ते त्याला परिच्छेदात मांडता येईलच असं नाही, आणि मांडता आलं नाही म्हणून त्याचं शिकवणं कमी ठरत नाही. प्रस्तावावरून निवड करायची म्हणजे शब्दांत चतुर असणाऱ्यांना झुकतं माप द्यायचं. यात तथ्य आहे. अतिशय सामान्य तासिका घेऊन तिच्यावर झळझळीत निबंध लिहिणारी माणसं असतात, आणि वर्गात मुलांना अक्षरशः वेड लावणारे शिक्षक कागद समोर आला की गोठतात. व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेक यांचंच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी मुलांसाठी जो कलावर्ग सुरू केला, त्याने युरोपातल्या कलाशिक्षणाची दिशा बदलली. मुलाचं चित्र ही मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल नसून त्याचे स्वतःचे नियम असतात, ही आज आपल्याला सहज वाटणारी जाणीव रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण चिझेकनी स्वतः फार थोडं लिहिलं. त्यांच्या वर्गातल्या मुलांची चित्रं 1920 मध्ये लंडनला गेली, इंग्लंडमध्ये फिरली, आणि त्यांचं नाव झालं ते त्या चित्रांमुळे. मग लिहिण्याचा एवढा आग्रह कशासाठी?

याच उदाहरणाची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. चिझेक वर्गात मुलांना काय सांगत, केव्हा गप्प राहत, कोणतं साहित्य कोणत्या वयाला देत, हे आज आपल्याला कळतं ते विल्हेल्म व्हिओलासारख्या इतरांनी लिहून ठेवलं म्हणून. म्हणजे लिहिलं गेलंच, फक्त दुसऱ्याच्या हातून. त्यात लिहिणाऱ्याचा चष्मा आला, त्याची निवड आली. चिझेक मुलांना खरंच मोकळं सोडत की हळूच विशिष्ट सजावटीच्या शैलीकडे वळवत, ही शंका तेव्हापासून आजवर घेतली जाते, आणि तिचं उत्तर देऊ शकणारा माणूस त्याबद्दल फार काही लिहून न ठेवता गेला. ते व्हिएन्नात होते, त्यांच्याभोवती लिहिणारी माणसं गोळा झाली. गडहिंग्लज किंवा किनवटच्या शाळेतल्या कलाशिक्षकाभोवती कोण गोळा होणार आहे?

हाताने विचार करण्याच्या युक्तिवादात आणखी एक गफलत आहे. कलाशिक्षकांची परिषद ही चित्रांची परिषद नसते, शिकवण्याची असते. चित्राचं शब्दांत भाषांतर होत नाही हे मान्य. पण शिकवणं म्हणजे निर्णय घेणं, आणि निर्णय सांगता येतात. एलिमेंटरी या शासकीय रेखाकला परीक्षेतल्या स्मरणचित्राचंच घ्या. सरावाच्या पुस्तकांत काही ठरावीक माणसं छापलेली असतात. मुलं ती पाठ करतात. मग विषय कोणताही असो, डोक्यावर घागर घेतलेली तीच बाई बाजारात दिसते, एसटी स्टँडवर दिसते आणि जत्रेतही दिसते. हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलं आहे. समजा, एका शिक्षकाने ही पुस्तकं महिनाभर बंद केली. मुलांना मधल्या सुट्टीनंतर शाळेबाहेरच्या रिक्षा थांब्यावर नेलं, हातात पेन्सिल दिली नाही, फक्त बघा म्हणाला, आणि परत आल्यावर आठवेल ते काढायला लावलं. पहिल्या वेळी निम्म्या मुलांनी पुन्हा घागरवाली बाईच काढली. दुसऱ्या वेळी त्याने एकच प्रश्न विचारला: वाट बघून कंटाळलेला माणूस कोणत्या पायावर भार देतो? त्यानंतर चित्रांत काहीतरी हललं. पालकांनी तक्रार केली की परीक्षा जवळ आलेली असताना सर वेळ घालवताहेत. परीक्षेत या मुलांच्या श्रेणींचं काय झालं, तेही त्याने नोंदवून ठेवलं. हे सगळं अडीचशे शब्दांत बसतं. त्याला कलेचं तत्त्वज्ञान लागत नाही की परदेशी लेखकांची नावं. लागतो तो फक्त आपण काय केलं आणि का केलं हे आठवण्याचा प्रामाणिकपणा.

आता याच्या शेजारी समितीकडे प्रत्यक्षात येणाऱ्या कागदांचा नमुना ठेवा. ‘कलेतून बालकांचा सर्वांगीण विकास’, ‘एकविसाव्या शतकातील कलाशिक्षण: आव्हाने व संधी’, ‘सृजनशीलतेचे महत्त्व’. यातला कोणताही मजकूर कोणत्याही शाळेतून, कोणत्याही वर्षी, कुणीही लिहू शकतं. त्यात एक मूल दिसत नाही, एक तास दिसत नाही, वर्गात किती मुलं होती आणि पाणी आणायला नळ किती लांब होता हे दिसत नाही. असे प्रस्ताव मी नाकारले आहेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं, कारण कागदामागचा माणूस त्या वाक्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे हे जाणवत होतं. प्रस्ताव म्हणजे भाषणाचं प्रास्ताविक अशी समजूत आपल्याकडे पसरली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि सत्कारसमारंभात ऐकलेली भाषा शिक्षक तिथे वापरतो, कारण औपचारिक लिहिणं म्हणजे असंच, असं त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं. हा दोष पद्धतीचा की तयारीचा? डी.एड., ए.टी.डी. किंवा ए.एम. हे शिक्षक होण्यासाठीचे अभ्यासक्रम करताना आपल्याला पाठ टाचणं लिहायला लावली, पण पाठ संपल्यावर काय घडलं ते लिहायला कुणी लावलं नाही. तिथे उपाय करायला हवा.

दुसरा मुद्दा भाषेचा, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. परिषद राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय असली की प्रस्ताव इंग्रजीत मागवले जातात. युनेस्कोच्या प्रेरणेने 1954 मध्ये कलाशिक्षकांची जागतिक संघटना उभी राहिली, तिची अधिवेशनं देशोदेशी भरतात, पण मराठी माध्यमातल्या शाळेचा कलाशिक्षक तिथवर कितीदा पोहोचतो? इंग्रजीच्या जोडीला एक विशिष्ट बोलीही असते, प्राध्यापकी बोली. ती ज्याला येते त्याचा प्रस्ताव वाचणाऱ्याला आपला वाटतो, ज्याला येत नाही त्याचा कच्चा वाटतो. शिक्षक म्हणतात, दार उघडं आहे म्हणता, पण उंबरठ्यावरच भाषेची चाचणी आहे, मग ते उघडं कसं? हा आरोप खरा आहे. पण त्यावरून प्रस्तावच नको, असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो भाषा बदला हा.

इथे मला महात्मा फुल्यांच्या आयुष्यातले दोन प्रसंग शेजारी ठेवावेसे वाटतात. आपल्या वादात नेहमी त्यातला एकच सांगितला जातो. 1885 मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण पाठवलं आणि फुल्यांनी ते पत्राने नाकारलं. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या वागण्यात आणि ग्रंथांत दिसत नाही, त्यांच्या सभेत येऊन आमचं काय साधणार, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. प्रतिष्ठितांच्या सभेकडे पाठ फिरवण्याचा हा मराठीतला सर्वांत मोठा दाखला, आणि प्रस्तावाला विरोध करणारे तो अभिमानाने देतात. पण त्याआधी तीनच वर्षं, 19 ऑक्टोबर 1882 रोजी, याच फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे लेखी निवेदन सादर केलं होतं. आयोग इंग्रज सरकारचा, भाषा इंग्रजी, चौकट सरकारी. तरीही त्यांनी लिहिलं. सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलं की आपला शिक्षणविषयक अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे. मग आपण मुलींची शाळा कशी काढली, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा कशी सुरू केली, मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवण्याचं काम कसं केलं, हे थोडक्यात नोंदवलं. त्या अनुभवाच्या आधारावर ते प्राथमिक शिक्षणाच्या मागणीकडे वळले: शिक्षक कसे असावेत, त्यांना पगार किती तुटपुंजा मिळतो, अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखनापासून शेती आणि आरोग्यापर्यंत काय असावं.

शिक्षकाने लिहिलेल्या प्रस्तावाचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. आपण कुठून बोलतो आहोत हे आधी सांगायचं, अनुभवाची मर्यादा लपवायची नाही, आणि त्या मर्यादेच्या आत मात्र जराही दबून बोलायचं नाही. 1882 चं निवेदन आणि 1885 चा नकार यांत विसंगती आहे का? मला तसं वाटत नाही. जिथे निर्णय होणार होते तिथे फुले लिहायला गेले. जिथे त्यांच्या प्रश्नांना जागाच नव्हती तिथे गेले नाहीत. लिहायला लागतं म्हणून त्यांनी कुठेही पाठ फिरवली नाही. ते तर आयुष्यभर लिहीत होते. तेव्हा एखाद्या परिषदेवर बहिष्कार घालायचा असेल तर तिच्या विषयपत्रिकेत शाळेला, खडूला, साठ मुलांच्या वर्गाला जागा नाही म्हणून घाला. कागद मागितला म्हणून घालू नका. आणि आणखी एक गोष्ट: फुल्यांना परक्या सरकारच्या आयोगापुढे इंग्रजीत लिहावं लागलं. महाराष्ट्रात भरणाऱ्या, मराठी शिक्षकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या परिषदेने आज तीच सक्ती करावी, याला कोणतंही समर्थन नाही. मराठीतले प्रस्ताव मराठीतच वाचणारी माणसं समितीवर हवीत. राष्ट्रीय परिषद असेल तर भाषांतराची जबाबदारी आयोजकांची.

तिसरा मुद्दा कामाच्या परिस्थितीचा. तो मांडताना शिक्षकांचा आवाज चढतो आणि तो चढायलाच हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तेही शाळेची पटसंख्या शंभरच्या वर असेल तर, कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. अंशकालीन. म्हणजे देशाच्या कायद्यालाच कलाशिक्षक पूर्ण वेळ लागेल असं वाटत नाही. लहान शाळांच्या वाट्याला तर तोही येत नाही. जे पूर्णवेळ आहेत त्यांच्याकडे चित्रकलेबरोबर इतर विषयांचे तास, शाळेचे फलक, कमानी, रांगोळ्या, मतदारयादीची कामं. इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेच्या वाढीव गुणांसाठी पालकांचा तगादा वेगळा. परिषदेला जायचं तर मुख्याध्यापक रजा देतीलच असं नाही, प्रवासखर्च स्वतःचा, आणि ज्याचा प्रस्ताव निवडला त्यालाही नोंदणीशुल्क भरायला लावणाऱ्या परिषदा आहेत. या माणसाने रात्री जागून प्रस्ताव लिहावा अशी अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार कुणाला?

मला तो अधिकार आहे असं मी म्हणत नाही. निवडलेल्या शालेय शिक्षकाकडून शुल्क घेणं ताबडतोब थांबलं पाहिजे, आणि परिषदेचे दिवस कर्तव्यकाळ धरले गेले पाहिजेत. मात्र ही परिस्थिती बदलायची कशी, याचा विचार करताना मला गप्प राहण्याची किंमत दिसते. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा विषय अनिवार्य असावा अशी भूमिका घेतली होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला-समेकित शिक्षणाचा, म्हणजे इतर विषय कलेच्या आधाराने शिकवण्याचा, आग्रह आहे, आणि 2023 च्या शालेय आराखड्यात कलेला स्वतंत्र विषयक्षेत्राचं स्थान दिलं आहे. कागदावर आपला विषय इतका सन्मानित क्वचितच असेल. मग शाळेत काय दिसतं? कला-समेकित शिक्षणाच्या नावाखाली विज्ञानाच्या शिक्षकाने पानांच्या आकृत्या रंगवून घेतल्या की कलेचं काम झालं, असं समजण्याचा धोका समोर उभा आहे. इतिहासाच्या पाठाला किल्ल्याचं चित्र जोडलं म्हणजे मुलाला रंग मिसळायला येत नाही, अवकाश कळत नाही, आपल्या रेषेवर विश्वास बसत नाही. हे कोण सांगणार? ज्याने वर्गात दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत तो कलाशिक्षकच हे पुराव्यानिशी सांगू शकतो. त्याने सांगितलं नाही तर धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर फक्त इतरांचे कागद असतील, आणि पद कमी करण्याचा निर्णय घेताना त्यांना अडवणारं काहीही नसेल.

हे आपल्या इतिहासात आधीच एकदा घडून गेलं आहे. मुंबईत 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं तेव्हापासून पुढची कित्येक दशकं, काय शिकवायचं आणि कसं शिकवायचं याचे आराखडे लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या सरकारी कलाशाळेच्या धाटणीवर बेतले जात होते. भूमितीच्या आकृत्या, पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती, नमुन्याबरहुकूम नक्कल. लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स यांच्यासारख्या शिक्षकांना इथल्या कारागिरीबद्दल खरा आदर होता. ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात वर्षानुवर्षं प्रतिकृती करवून घेतल्या. पण ज्या विद्यार्थ्यांनी त्या अंधाऱ्या लेण्यांत बसून रेषा उतरवल्या, त्यांनी काय पाहिलं, त्यांना शिकवण्याची कोणती रीत उपयोगी पडली, पुढे शिक्षक होऊन त्यांनी मुलांना काय दिलं, याबद्दल त्यांच्या स्वतःच्या शब्दांत आपल्या हाती जवळजवळ काही नाही. आपल्या शासकीय रेखाकला परीक्षांची नावं आजही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट आहेत. रचना वरून आली, खालच्यांनी ती राबवली. दीडशे वर्षांत कलाशिक्षकाने किती अभ्यासक्रम राबवले आणि किती घडवले?

याच्या उलट एक उदाहरण विदर्भातच आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि तिथून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती व नयी तालीमची योजना पुढे आली. त्या योजनेत हस्तव्यवसाय केंद्रस्थानी होता. चित्रकलेला जागा होती, पण मुलाचं चित्र म्हणजे काय, त्याच्याकडे कसं पाहायचं, हे समितीच्या अहवालातून उलगडणार नव्हतं. ते उलगडलं सेवाग्रामच्या वर्गात. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 मध्ये तिथे कलाशिक्षक म्हणून आले आणि जवळजवळ दोन दशकं राहिले. मुलं काय काढतात, कोणत्या वयात रेषा कशी बदलते, मातीचे रंग कसे करायचे, शिक्षकाने कुठे हात मागे घ्यायचा, हे त्यांनी पाहिलं, चित्रं जपली आणि ते सगळं लिहून काढलं, आधी हिंदीत आणि नंतर इंग्रजीत. त्यामुळे आज नयी तालीममधल्या कलेबद्दल बोलताना आपल्याकडे एका वर्गातल्या शिक्षकाचा शब्द आहे. नयी तालीमच्या इतर शाळांतही चित्रं काढली गेलीच असतील. त्यांच्याबद्दल आपण काय सांगू शकतो?

चौथा मुद्दा निवडीच्या प्रामाणिकपणाचा. प्रस्ताव मागवतात, पण नावं आधीच ठरलेली असतात. नकार येतो तो एका ओळीचा, कारण न देता. माझ्या माहितीतल्या एका परिषदेत आयोजकांनी प्रस्तावांवरची नावं आणि शाळा झाकल्याच नव्हत्या. वाचणाऱ्यांना कोण कुठला ते दिसत होतं आणि निवडीत ते उमटलं. अशा अनुभवानंतर शिक्षकाने पाठ फिरवली तर त्याला दोष देता येत नाही. या ठिकाणी पॅरिसच्या 1863 सालच्या प्रदर्शनाचा दाखला नेहमी दिला जातो. अधिकृत प्रदर्शनाच्या निवड समितीने हजारो चित्रं नाकारली, गदारोळ झाला, तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला परवानगी दिली, आणि फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांच्या ज्या चित्राने वादळ उठवलं ते तिथे लागलं. निवड समित्या नेहमी चुकतात, असा बोध त्यातून काढला जातो.

चुकतात, यात शंका नाही. पण तो गदारोळ होऊ कसा शकला? चित्रं पाठवली गेली होती, नाकारली गेली होती, आणि नाकारलेली चित्रं डोळ्यांसमोर होती, म्हणून. सरकारदरबारी विश्वासातल्या चित्रकारांना परस्पर बोलावून भिंती भरल्या असत्या तर नाकारलेल्यांची यादीच तयार झाली नसती, आणि ज्याची यादी नाही त्याचं प्रदर्शन कोण भरवणार? आमंत्रणाच्या पद्धतीत अन्याय होत नाही असं नाही. तो दिसत नाही, एवढंच. तुम्हाला बोलावलं नाही याबद्दल तुम्ही कुणाकडे दाद मागणार? प्रस्तावाच्या पद्धतीत निदान तुमचा कागद असतो, तारीख असते, आणि कारण सांगा असं म्हणण्याचा हक्क असतो. म्हणून प्रस्ताव रद्द करा ही मागणी मला आत्मघातकी वाटते. मागायचंच असेल तर नावं झाकून वाचा हे मागा. निकष आधी जाहीर करा, नकाराबरोबर निदान दोन वाक्यांचं कारण द्या, आणि वाचणाऱ्यांत निम्मी माणसं सध्या शाळेत शिकवणारी असू द्या, हे मागा. यातली कोणतीही गोष्ट खर्चाची नाही.

एक मागणी माझी स्वतःची आहे आणि तिच्यावर माझा फार जीव आहे. प्रस्तावासोबत मुलांच्या चित्रांची दोन छायाचित्रं जोडण्याची मुभा हवी. अनेक ठिकाणी फक्त मजकूर स्वीकारतात. कलाशिक्षकांच्या परिषदेला केवळ अक्षरांवर निवड करायची गरज का पडावी? एक चित्र आधीचं, एक नंतरचं, खाली मुलाचं वय आणि काय सांगितलं होतं ते. मुलाचं नाव नको, पालकांची परवानगी हवी. शब्दांत कमी पडणाऱ्या शिक्षकाला यातून मोठा आधार मिळेल, आणि पोकळ वाक्यं लिहिणाऱ्याला दाखवायला काही उरणार नाही. हाताने विचार करणाऱ्यांची जी न्याय्य तक्रार आहे तिचं निवारण असं होऊ शकतं.

कार्यशाळेचा पर्यायही शिक्षक विसरतात. वीस मिनिटं निबंध वाचून दाखवायची ज्याला धास्ती वाटते, त्याने पन्नास मिनिटांची कार्यशाळा मागावी: समोर बसलेल्या शिक्षकांना हळद, काव, कोळसा आणि डिंक देऊन रंग करून घ्यावेत आणि आपल्या वर्गात हे करताना कुठे फसलं ते सांगावं. तिथे प्रस्तावात लिहायचं काय, तर आलेले लोक काय करतील, साहित्य कोण आणेल आणि जाताना ते काय घेऊन जातील. हे प्रत्येक कलाशिक्षक शाळेत रोज योजतो. फसलेला भाग लिहायला आपण कचरतो, पण प्रस्ताव वाचताना मी तोच शोधत असते. सगळं उत्तम झालं, मुलं आनंदाने रमली, असं सांगणाऱ्या कागदातून दुसऱ्या शिक्षकाला काही मिळत नाही. ओल्या भिंतीवर गेरू का टिकला नाही, मुलींच्या गटाने मुखवटा रंगवायला नकार का दिला, हे सांगणाऱ्याकडून मिळतं.

आणि प्रस्ताव नाकारला गेला तर? पहिल्या नकारानंतर बहुतेक जण थांबतात, आणि मग व्यासपीठावर तेच चेहरे दिसतात म्हणून आपण सगळे हळहळतो. नाकारलेल्या कागदात तुमच्या वर्गातला एक महिना नोंदलेला असतो. तो तालुक्याच्या विषयशिक्षकांच्या बैठकीत वाचता येतो, मुख्याध्यापकांपुढे ठेवून रंगांसाठी वाढीव तरतूद मागता येते, शाळा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या हातात देता येतो. पुढच्या वर्षी त्याच मुलांची आणखी चित्रं जोडून तो पुन्हा पाठवता येतो, आणि तेव्हा तो पहिल्यापेक्षा भक्कम असतो. रेखाकला परीक्षा संपून दिवाळीच्या सुट्ट्या लागतात, तेव्हा चित्रांचे गठ्ठे अजून कपाटात असतात आणि कोणत्या मुलाला काय सांगितलं होतं तेही आठवत असतं. प्रस्तावाची मुदत कधीही असो, लिहायला बसायची वेळ तीच.